गॅस बंद?

चिकपेटेत लोक कापड घेतात ते लग्नाला, बारशाला, नाहीतर शेजारणीला जळवायला. सकवारबाई त्या दिवशी गेल्या होत्या विमानाला नेसवायला.

गादीवरच्या दुकानदाराला त्यांनी सांगितलं, बारीक विणीचं पांढरं सुती दाखवा, खळ नको, गाठ नको, आणि सगळं एका जातीचं हवं. त्यानं ठाण उलगडता उलगडता विचारलं, एवढं कापड म्हणजे घरात कुणी अंगानं फारच जाड आहे का. सकवारबाई काही बोलणार तेवढ्यात मागं पिशवी धरून उभे असलेले भगवंतराव गरीब तोंड करून म्हणाले, "सून आहे आमची. पंख आहेत तिला." दुकानदार स्वल्प मागं सरकला. घासाघीस झालीच नाही.

बाहेर आल्यावर सकवारबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पण आतून त्यांना बरं वाटलं, कारण वर्षभरापूर्वी हा माणूस थट्टा करायचं विसरूनच गेला होता.

भगवंतराव म्हणजे, पूर्वज फौजेबरोबर बेंगळूरला आले आणि परत जायचं राहून गेलं, अशा घराण्यातले. घरात मराठी, दारात कन्नड, रागावले की दोन्ही. सगळं आयुष्य विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलं. कुणाच्या डब्यात बेडूक, कुणाच्या टोपीत ग्रीस, हे उद्योग यांचेच. निवृत्त झाले आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. हात थरथरायला लागले. कॉफीचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मी कॉफी सदऱ्यालाच मिळायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं. सकवारबाई म्हणाल्या, वय कसलं, हाताला काम नाही.

मग कारखान्यातला जुना सोबती दामोदर त्यांना होसकोटेच्या पलीकडं हुणसेपाळ्याला घेऊन गेला. तिथं लढाईच्या काळातली एक आखूड धावपट्टी, एक लहानसा फ्लाइंग क्लब, पत्र्याचं एक हँगर आणि भोवती चिंचेची झाडं. चिंच म्हटल्यावर तुमच्या मनात आलं ते दामोदरच्याही आलं होतं, पण तो पोटासाठी तिथं देखभालीला होता, त्यामुळं त्यानं मनात येऊ द्यायचं बंद केलं होतं. हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनं शिकाऊ विमान पडलं होतं. टायगर मॉथ. एकावर एक दोन पंख, उघड्या दोन सीटा, एकीमागं एक. कापड कुजलेलं, इंजिनात चिमणीचं घरटं. भगवंतरावांनी त्याच्या अंगावर हात ठेवला. सकवारबाई बघत होत्या. हात थरथरला नाही.

एवढं बघितल्यावर त्या बाईनं पदर खोचला तो खोचलाच. गल्लीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्यांच्या मशीनवरची. आता त्यांनी पंखांना कापड घातलं, मेणाच्या दोऱ्यानं एकेका फासळीला टाके घातले. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या लेथवाल्याकडून पितळी भाग करून घेतले, आणि तो उद्या-परवा करायला लागला तेव्हा त्याच्या दारात स्टूल टाकून बसल्या. कापड ताणून बसावं म्हणून वर जे औषध फासतात त्याला अति पिकलेल्या केळ्याचा वास येतो. तो वास त्यांच्या केसांत मुरला. बसमध्ये शेजारची बाई पिशवीत केळी शोधायची.

आता घाई कशाची होती ते सांगतो. क्लबचे सेक्रेटरी गुरुराज, टाय लावणारे आणि टायचाच आब राखून बोलणारे, त्यांनी या विमानाची सोय आधीच लावून ठेवली होती. शहरातल्या एका सर्कलमध्ये सिमेंटचा खांब तयार होता. त्यावर विमान चढवायचं, खाली कारंजं सोडायचं, वर कबुतरांनी काय करायचं ते करावं. भगवंतरावांनी फार गळ घातली तेव्हा ते म्हणाले, सरी, ठीक आहे, आयुधपूजेपर्यंत थांबतो. पूजेच्या दिवशी पाहुण्यांसमोर इंजिन चाललं तर विमान हँगरमध्ये राहील. नाही चाललं तर खांबावर.

सकवारबाईंना खांब दिसायचा आणि त्याच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसलेला नवरा दिसायचा. त्यांच्या दृष्टीनं ती एकच गोष्ट होती.

*

असल्या विमानाला बटण दाबून सुरू करायची सोय नाही. एक माणूस पुढं उभा राहून नाकावरचा लाकडी पंखा हातानं ओढतो. दुसरा आत बसून खटके सांभाळतो. खटका वर केला की इंजिनात ठिणगी जिवंत होते. तेव्हा पंख्याला नुसता हात लागला तरी तो असा फिरतो, की हात तिथंच राहतो आणि माणूस दुसरीकडे पडतो. म्हणून रीत अशी की पुढच्यानं आधी विचारायचं, "स्विच ऑफ?" आतल्यानं खटका बघून सांगायचं, "ऑफ." ओ आल्याशिवाय पंख्याला बोट लावायचं नाही.

भगवंतरावांनी ही रीत कारखान्यातून घरी आणली होती. घरात काडी ओढण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी ते बसल्या जागेवरून विचारायचे, "गॅस बंद?" सकवारबाई शेगडीची मूठ बघून ओ द्यायच्या, "बंद." त्याशिवाय उदबत्तीसुद्धा पेटायची नाही. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीच मेलं होतं, घरात गॅस सुटला तरी त्यांना कळलं नसतं. वरच्या मजल्यावरची रम्या म्हणायची, अक्का, तुमच्याकडं रोज संध्याकाळी विमान सुटतं.

तेव्हा आत बसायला माणूस शोधायची गरजच नव्हती. सकवारबाई साडी सावरत मागच्या सीटवर चढल्या. डोक्यावर चामड्याची जुनी टोपी. तिच्या कानांपाशी एका रबरी नळीची टोकं येत होती. नळीचं तोंड पुढच्या सीटपाशी आकड्याला टांगलेलं. शिकवणारा पुढं बसून त्या तोंडात बोलायचा आणि मागच्या शिकाऊ पोराला ते कानात ऐकू यायचं. वीज नाही, तार नाही, नुसती पोकळ नळी. पहिल्याच दिवशी भगवंतराव गुपचूप पुढच्या सीटवर लपून नळीत घोगरं बोलले होते, "सकवार... कॉफी..." आणि सकवारबाईंनी मागून त्यांच्या टकलावर टिचकी मारली होती.

त्यामुळं जेव्हा पहिल्यांदा ते झालं, तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. राग आला.

आभाळ उतरलेली दुपार होती. हँगरच्या पत्र्यावर चिंचांचे वाळके आकडे घासत होते. भगवंतरावांनी पुढून विचारलं, "स्विच ऑफ?" त्या म्हणाल्या, "ऑफ." आणि लगेच मागोमाग, कानाशी, आणखी एक आला.

"ऑफ."

पातळ आवाज. कोवळा, नाकातला, हसू दाताखाली धरल्यासारखा.

भगवंतराव पुढून कुरकुरले, दोनदा कशाला ओरडतेस, मी काय ठार बहिरा आहे? एका कानानं होते, पण ते असो. सकवारबाई म्हणाल्या, तुम्हीच नळीतून बोलला असाल. असं म्हटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की भगवंतराव पार पुढं, पंख्यासमोर उभे आहेत. दोन्ही हात दिसताहेत. पुढची सीट रिकामी. आकड्याला टांगलेलं नळीचं तोंड मात्र सावकाश हलत होतं, आणि कुठून तरी पेपरमिंटचा थंडगार वास येत होता.

बरेच दिवस हे चाललं. ते म्हणायचे, तू साहेबाची नक्कल करतेस. त्या म्हणायच्या, तुम्ही पोटातून आवाज काढता. दोघांनाही एकमेकांचा पुरता अनुभव असल्यामुळं दोघांचाही विश्वास बसेना. नवराबायकोच्या भांडणात भुताला लपायला जेवढी जागा मिळते तेवढी चिंचेवरही मिळत नसेल.

मग एक दिवस इंजिन खोकलं. धूर सोडला, फटफटलं आणि गप्प झालं. म्हणजे आता जवळ आलं होतं. भगवंतरावांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. पुन्हा ओढायचं तर आधी खटका खाली हवा. सकवारबाई खटक्याकडे हात न्यायला गेल्या तर बांगडी सीटच्या पट्ट्यात अडकली. त्या ती सोडवत होत्या. खटका वरच होता.

पुढून हाक आली. "स्विच ऑफ?"

त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"ऑफ."

भगवंतरावांनी पंख्याला हात घातला. आणि ज्याला नशीब म्हणतात ते त्या दिवशी जमिनीवर सांडलेल्या तेलाच्या रूपात होतं. त्यांचा पाय घसरला, ते बसकण मारून पडले, आणि ज्या जागी त्यांचं डोकं होतं तिथून पंखा सण्णकन फिरून गेला. त्यांची टोपी उडाली ती दारापर्यंत गेली. सकवारबाईंनी बांगडी फोडून खटका खाली ओढला. पंखा थांबला. पत्र्यावरच्या चिंचासुद्धा थांबल्या.

त्या शांततेत नळीतून कुणीतरी श्वास घेतला. भरपूर हसून झाल्यावर घेतात तसा.

*

दामोदरनं मग सांगितलं. हँगरच्या बाहेर, उजेडात, आणि विमानाकडे पाठ करायचं टाळून.

लढाईच्या वेळी इथं एक गोरा पोरगा शिकवायला होता. वयानं विशीतला, तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. थट्टेखोर. पंखा ओढणारा गावातलाच एक माणूस होता. त्याला दचकवायला म्हणून त्या पोरानं एकदा खटका वर ठेवूनच ओ दिली, "ऑफ." त्याला वाटलं, पंखा स्वल्प झटका देईल, माणूस उडी मारेल, आपण हसू. माणसाला उडी मारायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर तो पोरगा बोलायचा बंद झाला. वरच्यांनी चौकशी केली, डॉक्टरांनी विचारलं, पाद्री येऊन गेला. कुणाच्याही प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. तसाच तापानं गेला.

"तेव्हा दिली नाहीत ती उत्तरं आता देतोय," दामोदर म्हणाला. "अण्णा, सोडा आता. खांबावर जाऊ दे."

 थट्टेचं नाव निघूनही भगवंतराव हसले नाहीत. त्यांचे हात मांडीवर होते आणि सकवारबाईंना दिसलं, की उजव्या हाताची बोटं पुन्हा हलायला लागली आहेत.

गुरुराजांना बातमी कळली तसे ते फार हळहळले, आणि खांब तयारच आहे असंही म्हणाले. कुणी लिंबू-मिरची सुचवली, कुणी होम सुचवला. सकवारबाई सगळ्यांचं ऐकत दोऱ्याला मेण लावत बसल्या होत्या. दोरा संपला तेव्हा बोलल्या.

"तो पोरगा हाकेला ओ देतो ना? मग आपण त्याला हाकच मारायची नाही."

भगवंतरावांना कळेना. सकवारबाईंनी समजावून सांगितलं. स्विच ऑफ म्हटलं की तो जागा होतो, कारण ती त्याची हाक आहे. त्याच्या काळची, त्याच्या भाषेतली. आपण आपली हाक मारू. गोऱ्याला काय कळतंय?

"कुठली हाक?"

"घरचीच."

आणि दुसऱ्या दिवसापासून, लढाईच्या काळातल्या त्या विमानासमोर उभं राहून भगवंतराव गंभीरपणे विचारायला लागले, "गॅस बंद?" आतून चामड्याच्या टोपीतून आवाज यायचा, "बंद." खटका वर करायची वेळ आली की "पेटवू?" आणि "पेटवा." दामोदर पोट धरून हसला. भुताच्या भीतीनं चार दिवस न हसलेला माणूस, एकदम मोकळा झाला.

दुसरा आवाज आला नाही. एकदाही नाही. सकवारबाई कान देऊन बसायच्या. नळीत नुसती पोकळी असायची, शंख कानाला लावल्यावर असते तशी. फक्त कधी वाटायचं, की त्या पोकळीत कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय.

"फसवला की नाही त्याला?" भगवंतराव बसमध्ये म्हणाले आणि खिदळले. हात स्थिर होते.

मग त्यांनी ती चूक केली, जी फिटर सोडून जगात दुसऱ्या कुणी केली नसती. जुन्या नळीचं रबर चिरत चाललं होतं म्हणून विमानाला नवीन नळी बसवली. आता जुनी टाकून द्यावी की नाही? पण फिटर वस्तू टाकत नाही. तो ती घरी आणतो, बायको टाकते, तो परत उचलून आणतो. भगवंतरावांनी नळी साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली, चिरांवर पट्टी मारली आणि घरात बसवली. एक तोंड बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीपाशी, दुसरं स्वयंपाकघरात ओट्याच्या वर. कॉफी मागवायला.

सकवारबाईंनी नळीला नाक लावून पाहिलं होतं. साबणाचा वास, बस्स. त्यांना ती आवडली नाही. पण नवरा खुर्चीत बसून नळीत कोंबड्यासारखा आरवत होता, रम्याला वरून बोलावून दाखवत होता, आणि भिंतीकडे त्याची पाठ होती. त्यांनी नळी राहू दिली. पुढं घरातलं सगळं बोलणं नळीतूनच व्हायला लागलं. कॉफी. हात आहेत ना तुम्हाला? मीठ कमी आहे. मग उद्या तुम्हीच करा. आणि रोज दिवेलागणीला, रोज झोपताना, "गॅस बंद?" "बंद."

*

आयुधपूजेच्या दिवशी हुणसेपाळ्याला मांडव पडला. क्लबच्या विमानांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, पंख्यांना कुंकू. गुरुराजांचा टाय नवा होता. पाहुणे खुर्च्यांवर, कोहळा फोडायला दामोदर, आणि सगळ्यात शेवटी, पांढऱ्याशुभ्र कापडातली भगवंतरावांची सून.

सकवारबाई मागच्या सीटवर बसल्या. लोक गप्प झाले.

"गॅस बंद?"

पाहुण्यांत हशा पिकला. सकवारबाईंनी खटका हातानं चाचपला. "बंद." आणि सवयीनं क्षणभर थांबल्या, दुसऱ्या आवाजासाठी. आला नाही. पेपरमिंटचा वासही नाही. पुढची सीट आता खरोखरच रिकामी वाटत होती, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखी.

"पेटवू?"

"पेटवा."

भगवंतरावांनी पंखा ओढला, आणि इतकी वर्षं झोपलेलं ते इंजिन पहिल्या ओढीला बोललं. माळा उडाल्या. गुरुराजांचा टाय खांद्यावर गेला. धुरात, वाऱ्यात, टाळ्यांत भगवंतराव दोन्ही हात वर करून उभे होते, आणि सकवारबाईंना त्या हातांखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. गुरुराजांनी सगळ्यांदेखत सांगितलं, खांबाला दुसरं काहीतरी बघू.

इंजिन थांबल्यावर, खाली उतरता उतरता, त्यांच्या मनात एवढंच आलं, की तो इथं नाही. मग गेला कुठं? पण तेवढ्यात कुणीतरी हातात प्रसाद दिला आणि विचार राहून गेला.

घरी आल्यावर घरची पूजा. आमच्याकडं या दिवशी हत्यारं देवापुढं मांडतात, आणि मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. सकवारबाईंचं मशीन, कापड कापायची मोठी कात्री, भगवंतरावांचे पाने, आणि त्यांचा आग्रह म्हणून तपकिरीची डबीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू झालं. दिवा लावायचा राहिला होता, तो भगवंतराव लावणार होते. सकवारबाईंनी खिरीला दूध ठेवलं, नवऱ्याला सांगितलं, "दूध बघा हो, मी वर रम्याकडं प्रसाद देऊन येते," आणि गेल्या. सांगितलं ते बहिऱ्या कानाला.

वर स्वल्प बोलणं लांबलं. रम्याला सगळी हकिकत हवी होती.

त्या जिना उतरत होत्या. अंधार पडत आला होता, जिन्यातला दिवा लागला नव्हता. आपल्या दारापाशी पोचल्या. दार लोटलेलं होतं. आतून नवऱ्याचा आवाज आला, नळीत बोलताना व्हायचा तसा, तोंडात बोळा धरल्यासारखा.

"गॅस बंद?"

सकवारबाई हसल्या. म्हणजे मी वर गेले हे यांना ठाऊकच नाही. आता उत्तर कोण देणार?

"बंद."

त्यांचा स्वतःचा आवाज. घराच्या आतून. स्वयंपाकघरातून. शेवटी जो थोडा वैताग असायचा, रोज काय तेच विचारता, तो वैतागसुद्धा जिथल्या तिथं.

दाराच्या फटीतून वास आला. तेव्हा त्या धावल्या.

भगवंतराव बाहेरच्या खोलीतच, खुर्चीशेजारी, देवापुढं पाटावर बसले होते. उजव्या हातात काडी, डाव्या हातात पेटी, काडी पेटीला टेकलेली.

"काडी ओढू नका."

त्यांनी वर बघितलं. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे, मग स्वयंपाकघराच्या अंधाराकडे, मग पुन्हा बायकोकडे.

"तू... आत होतीस ना?"

 सकवारबाई नाक पदरानं दाबून आत गेल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुसू करत सुटला होता. त्यांनी मूठ फिरवली, सिलिंडरचा खटका पाडला, खिडक्या, मागचं दार, सगळं उघडलं. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मग भगवंतरावांच्या हातातून काडी काढून घेतली. बोटं घट्ट मिटली होती, एकेक सोडवावं लागलं.

वास गेल्यावर त्या देवापुढं आल्या. पूजेतली कात्री उचलायची नसते. त्यांनी देवाला नुसतं बघितलं, आणि कात्री उचलली. भगवंतराव म्हणाले, "अगं, आज हत्याराला..." पुढचं वाक्य त्यांनीच गिळलं.

नळी जाड होती, पण पंखांचं कापड कापलेला हात होता तो. मधोमध कापली. कापलेल्या टोकातून थंड श्वास बाहेर आला, कुणीतरी बराच वेळ दम धरून बसलं होतं आणि आता सोडला तसा. पेपरमिंटचा. त्यांनी दोन्ही तुकडे दोन वेगवेगळ्या रस्त्यांवरच्या कचराकुंड्यांत नेऊन टाकले, आणि येताना वळून बघितलं नाही.

*

विमान अजून हँगरमध्येच आहे. भगवंतराव जातात, इंजिन चालवतात, हात स्थिर आहेत. सकवारबाईंनी तिथं नवीन रीत घातली. आता कुणी काही विचारत नाही. खटका खाली केला की त्या खाली उतरतात, पुढं चालत जातात, नवऱ्याला हाताला धरून आणतात आणि खटका दाखवतात. वेळ लागतो. गुरुराज घड्याळ बघतात. बघू देत.

घरीही तेच. गॅस बंद आहे का, हे विचारायचं नाही. जायचं, हात लावायचा, यायचं.

पण कधीकधी, दिवे मालवल्यावर, भगवंतराव शेजारी घोरत असताना, स्वयंपाकघरातून भगवंतरावांचा आवाज येतो.

"गॅस बंद?"

थोडा वेळ जातो. मग सकवारबाईंचा आवाज ओ देतो.

"बंद."

सकवारबाई दर वेळी उठतात. भिंतीला हात लावत अंधारात जातात आणि मूठ चाचपतात. मूठ बंद असते. आजवर तरी असते. तशा त्या वळतात, आणि त्यांची पाठ झाली की मागं ओट्यापाशी ते दोन्ही आवाज हसतात. हळूच, तोंडावर हात ठेवून, बाहेर झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून.